नगरपालिकेच्या झाडावर वीस फूट

झाडावर चढणं अवघड नसतं. उतरणंही तसं अवघड नसतं, गुरुत्वाकर्षण ते काम फुकटात करून देतं. अवघड असतं ते या दोन्हींमधला फरक बायकोला पटवून देणं.

माझी बायको जनेल गावच्या रुग्णालयात हाडांच्या विभागाबाहेर खिडकीत बसते. आलेल्या माणसाचं नाव, वय आणि काय झालं ते लिहून घ्यायचं, हे तिचं काम. अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा मोसम सुरू झाला की तिच्या खिडकीसमोर रांग लागते. एका हातात टोपी, एका पायात बूट, आणि चुकून भलत्याच लग्नाला आल्यासारखा चेहरा. ‘काय झालं?’ या रकान्यात जनेल बावीस वर्षं एकच वाक्य लिहीत आली आहे: झाडावरून पडला.

आता माणसं झाडावर कशाला जातात, हे तिला ठाऊक आहे. धनुष्यबाणाने हरीण मारायचं तर ते वीस पावलांवर यावं लागतं. आणि वीस पावलांवर आलेल्या हरणाला जमिनीवरच्या माणसाने काल रात्री कांदा खाल्ला होता की नाही, हेसुद्धा कळतं. म्हणून वर बसायचं. त्यात माझ्यासारख्याची स्वतःची जमीन नाही, शिकार सरकारी जंगलात. तिथे झाडाला खिळा ठोकायचा नाही, मचाण बांधून ठेवायचं नाही, संध्याकाळी सगळं काढून पाठीवर टाकून घरी आणायचं. शिवाय हरणं दोन दिवसांत शहाणी होतात, मग तिसऱ्या दिवशी नवं झाड. थोडक्यात, फिरता संसार.

गेल्या नोव्हेंबरात जनेलच्या रांगेत मी उभा राहता राहता राहिलो. माझ्याकडे तेव्हा दोन तुकड्यांचं मचाण होतं. वरचा तुकडा हाताने सरकवायचा, खालचा पायाने, आणि सुरवंटासारखं खोड चढत जायचं. आठ फुटांवर खालचा तुकडा माझी परवानगी न घेता जमिनीवर निघून गेला. वरच्या तुकड्यावर कोपरं टेकून मी चाळीस मिनिटं लटकलो. शेवटी गळ घेऊन मासे धरायला निघालेल्या एकाने मला उतरवलं, आणि त्याच संध्याकाळी ही हकीकत शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला जमलेल्या अख्ख्या गावाला सांगितली. तो मला ओळखत नव्हता, पण माझ्या टोपीचं वर्णन त्याने फार बारकाईने केलं.

तेव्हा या ऑगस्टमध्ये मी खोगीर आणलं.

खोगीर म्हणजे घोड्याचं नव्हे. हे माणसाच्या बुडावर चढवतात. जाड पट्ट्यांची एक झोळी कमरेला नि मांड्यांना आवळायची, तिच्यातून निघालेली दोरी खोडाला बांधायची, आणि झाडाकडे तोंड करून झोळीत बसायचं. चढताना खोडाला चार आखूड शिड्या एकावर एक आवळत जायच्या, आणि कमरेची दुसरी दोरी खोडाभोवती फिरवून बरोबर वर सरकवत न्यायची. वाटेत फांदी आली की आधी एक दोरी फांदीच्या वर बांधायची, मगच खालची सोडायची. म्हणजे माणूस पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सतत बांधलेला. मी हे सगळं जनेलला जेवणाच्या टेबलावर मिरपूडदाणी झाड समजून करून दाखवलं.

तिने शांतपणे बघितलं. मग म्हणाली, “लाइल, माझ्या खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस दोरी बांधून होता. प्रत्येकजण मला हेच सांगतो. एकच क्षण सोडली होती म्हणतो.”

“मी नाही सोडणार.”

“मला तुझं नाव त्या रकान्यात लिहायचं नाही. मी लिहिणारच नाही. उठून घरी येईन.” तिचा आवाज जरा हलला, मग तिने तो जागेवर आणला. “मोसम उघडायच्या आदल्या शनिवारी माझ्यासमोर वीस फूट चढायचं आणि उतरायचं. एक क्षणही दोरी सुटता कामा नये, आणि कुणाचा हात लागता कामा नये. जमलं तर जा. नाही जमलं तर धनुष्य कर्टला.”

कर्ट म्हणजे माझा मेव्हणा. त्याचं माझ्या धनुष्यावर तीन वर्षांपासून लक्ष आहे. तो आमच्याकडे आला की आधी ते भिंतीवरून काढून ताण बघतो आणि मग बहिणीची चौकशी करतो. ज्या माणसाने आपली गवत कापायची मोटार तिच्यात तेल न घालता चालवली, त्याच्या घरी माझं धनुष्य जाणार, ही कल्पना मला सहन होण्यासारखी नव्हती. मी अट मान्य केली.

“पण जंगलात मी येणार नाही,” जनेल म्हणाली. “अंगावर गोचिड्या घ्यायला. घरासमोर चढ.”

आमच्या आवारात दोन झाडं आहेत. एक सफरचंदाचं, ते वीस फूट व्हायला अजून दोन पिढ्या लागतील. दुसरं स्प्रूसचं, त्याच्या फांद्या जमिनीपासूनच इतक्या दाट की त्यात शिरलेला चेंडूही परत येत नाही. उरलं ते रस्त्याकडेचं मेपल. सरळसोट, माझ्या कवेत मावेल एवढं, आणि पहिली फांदी पंधरा फुटांवर. ते पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीत उभं आहे. ती पट्टी गेली एकोणीस वर्षं मी कापतो. त्या झाडाची पानं मी गोळा करतो. त्याच्या मुळांनी उचललेल्या पदपथावरचा बर्फही मीच काढतो.

सरावासाठी मी पहिली शिडी त्याला आवळली, तोच शेजारचा ड्वेन कोवाल्की कुंपणाशी आला. ड्वेनने तेहतीस वर्षं वीजमंडळाच्या खांबांवर काढली. निवृत्त झाल्यापासून कुणी साध्या स्टुलावर चढलं तरी तो बघायला येतो.

“हे काय घातलंयस?” तो म्हणाला.

“खोगीर.”

“लंगोट दिसतोय.”

“खोगीर म्हणतात याला.”

“म्हणत असतील. आमच्या वेळी पायाला काटे आणि कमरेला चामडी पट्टा. पावसात, वाऱ्यात, कधी काही झालं नाही.” मग प्रामाणिकपणे विचार करून म्हणाला, “दोघं पडले. पण ते बोलत होते फार.”

समोरच्या घरातून स्टोडोलाबाई आल्या. वय ब्याऐंशी, हातात कुंडी, कारण बाईंना रस्ता ओलांडताना हातात काहीतरी असावं लागतं. त्यांनी खोगीर निरखून पाहिलं आणि हे पुरुषांचं आहे का, अशी चौकशी केली. मग म्हणाल्या, “लाइल, मी सांगून ठेवते. मांजर हरवलं तेव्हा मी या रांगेतल्या झाडाला एक कागद डकवला होता. पत्र आलं मला.”

“हे झाड माझं आहे, स्टोडोलाबाई.”

“मलाही तसंच वाटायचं.”

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी जिल्ह्याच्या नकाशा-खात्यात नोकरी करतो. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मी आखतो. कुणाचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत सहा इंच शिरलं, तर त्याला कळवणारं पत्र माझ्या सहीने जातं. आणि गावातल्या प्रत्येक रस्त्यालगतची ती गवताची पट्टी नगरपालिकेची असते, कापायची तेवढी आपण, ही रेघ मी स्वतः शेकडो वेळा ओढली आहे. फक्त आपल्या घरासमोर ती असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचं पत्र आलं. त्याला जोडलेला नकाशा माझ्या हातचा होता.

मी नगरपालिकेत गेलो. वृक्ष-विभागात ओडेगार्डबाई बसतात. वयाने तिशीच्या, आवाज मऊ, नियम पाठ. मी त्यांना खोगिरापासून अटीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, आणि अशा माणसांचा मला नेहमी धसका असतो.

“अर्ज आहे,” त्या म्हणाल्या. “पण कारणं चारच आहेत. तोडणे, छाटणे, खत घालणे आणि सणाचे दिवे लावणे.”

“मला यातलं काहीच करायचं नाही. मला चढायचंय.”

“चढण्याचा रकाना नाही. पण दिवे लावायचे तर चढावं लागणार, हे विभागाला मान्य आहे.”

“सप्टेंबरात कुठला सण?”

“ते अर्जात विचारलेलं नाही.” त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. “मात्र दिवे खरोखर लावावे लागतील. मी तपासायला येईन. खिळा नको, तार नको, नुसती मऊ दोरी. आणि दिवे पेटले पाहिजेत.”

सरकारी माणूस सरकारी माणसाला ओळखतो. मी मुकाट्याने सही केली.

माझी परीक्षा घरगुती होती. पण परवाना चिकटवायचा होता झाडावर, आणि तिथून जाणारा प्रत्येकजण तो वाचत होता. शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्यासमोरच्या गवतावर घडीच्या खुर्च्यांची ओळ लागली. ड्वेनने शेगडी आणून सॉसेज भाजायला घेतले. स्टोडोलाबाईंनी बटाट्याचं सॅलड आणलं. कर्ट धनुष्याची रिकामी पेटी घेऊन आला, आणि म्हणाला की ती सहज गाडीत होती. ओडेगार्डबाई नगरपालिकेचा, माणसाला उंच उचलणाऱ्या पाळण्याचा ट्रक घेऊनच आल्या. मागच्या गल्लीत वाऱ्याने मोडलेली फांदी उतरवून त्या तशाच इकडे वळल्या होत्या. जनेल पदपथावर उभी होती. ती बसली नाही.

मी घराबाहेर आलो तेव्हा अंगात पानापानांचे शिकारी कपडे, बुडाला खोगीर, पाठीवर चार शिड्या आणि गळ्यात लाल-हिरव्या नाताळच्या दिव्यांची माळ होती. कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं.

चढणं छान झालं, हे मी मुद्दाम नोंदवतो. पहिली शिडी, दुसरी शिडी, कमरेची दोरी वर, पाय वर. ड्वेन खालून “डावा, डावा” म्हणत होता, आणि तिथे डावं काहीच नव्हतं. पंधरा फुटांवर फांदी आली. मी खोगिराची दोरी फांदीच्या वर बांधली, तिच्यावर भार टाकला, मग कमरेची दोरी सोडून वर घेतली. अगदी मिरपूडदाणीवर केलं होतं तसं. वीस फुटांवर पोचलो तेव्हा भोवती मेपलची दाट पानं होती. खालून टाळ्या ऐकू आल्या, त्यातली एकही कर्टची नसावी.

“दिवे,” ओडेगार्डबाई म्हणाल्या.

मी खोगिरात बसलो, खोगिराची दोरी घट्ट आहे हे पाहिलं, आणि कमरेची दोरी खोडाभोवतून काढून एका बाजूला कडीत लटकवली. बसल्यावर ती तशीच काढून ठेवतात. मग माळ फांद्यांवर टाकली, मऊ दोरीने तीन ठिकाणी बांधली. ड्वेनने खाली खटका दाबला. दिवे पेटले. भर उन्हात ते दिसत नव्हते, पण ओडेगार्डबाईंनी हाताचा आडोसा करून पाहिलं आणि कागदावर खूण केली.

“डावीकडे जरा सैल आहे,” स्टोडोलाबाई म्हणाल्या.

सैल होती ती राहू द्यायला हवी होती. पण एका नाताळात माझ्या माळेला बाईंनी तिरकी म्हटलं होतं, ते माझ्या मनात होतं. मी माळ ओढली. माळेची वायर कडीत अडकली होती. मी आणखी ओढली. कडीचं तोंड उघडलं आणि कमरेची दोरी पानांतून, फांदीवरून, खुर्च्यांच्या ओळीवरून उडत थेट बटाट्याच्या सॅलडमध्ये जाऊन पडली.

खाली सगळ्या माना आधी सॅलडकडे आणि मग वर वळल्या.

“देतो वर फेकून,” ड्वेन म्हणाला.

“थांब,” कर्ट म्हणाला. कर्ट आयुष्यात एकाच बाबतीत काटेकोर आहे, आणि ती बाब म्हणजे दुसऱ्याला घातलेल्या अटी. “वरून पडलेली वस्तू खालच्याने दिली, तर तो हात लागला. कुणाचा हात लागता कामा नये, असं ठरलंय ना, जनेल?”

जनेलने वर पाहिलं. “असं ठरलंय,” ती म्हणाली. ती खोटं कशी म्हणणार.

माझी परिस्थिती अशी होती. माझ्याकडे आता एकच दोरी होती आणि ती फांदीच्या वर होती. मला उतरायचं होतं फांदीच्या खाली. म्हणजे शिडीवर उभं राहून ती दोरी सोडायची, फांदीखालून पुन्हा खोडाभोवती घ्यायची आणि कडीत अडकवायची. चार सेकंदांचं काम. शिडी भक्कम होती, फांदी हाताशी होती, वारा नव्हता. एवढंच, की त्या चार सेकंदांत मी कशालाही बांधलेला नसतो.

मी खाली पाहिलं. पानांतून ड्वेनच्या शेगडीचा धूर आणि जनेलच्या टोपीचा काठ, एवढंच दिसत होतं. मला तिचे डोळे दिसत नव्हते, तर तिला माझे हात दिसणार नव्हतेच. चार सेकंद. मग ऐटीत खाली, धनुष्य भिंतीवर आणि कर्टची पेटी रिकामी. त्या मोहाची मला अजून आठवण येते. मी दोरीच्या कडीवर अंगठा ठेवला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पडण्याची भीती वाटली नाही. खरंच नाही. पण रात्री ती विचारणार, आणि मी म्हणणार, नाही, एक क्षणही नाही. ती मान हलवणार आणि विश्वास ठेवणार. त्या खिडकीपाशी एक क्षण सोडलेल्या माणसांचं बावीस वर्षं ऐकत आलेली बाई माझ्यावर विश्वास ठेवणार, हे मला काही सोसवेना. मी अंगठा काढला.

“ओडेगार्डबाई,” मी वरून म्हणालो, “पाळणा वर करता का?”

खाली कर्टच्या पेटीची कुलपं उघडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

त्यातही नियम होता. पाळण्यात चालक एकटा वर जाऊ शकत नाही, बरोबर दुसरं माणूस हवं, आणि दोघांना शिरस्त्राण नि पट्टा हवा. ड्वेनने तत्काळ हात वर केला. पण जनेलने ओडेगार्डबाईंच्या हातातून शिरस्त्राण घेतलं, टोपी काढून ते डोक्यावर चढवलं आणि पट्ट्याची कडी पाळण्याला अडकवून दोनदा ओढून पाहिली. पाळणा घरघरत वर आला आणि पानं बाजूला सारून माझी बायको माझ्यासमोर उभी राहिली. ओडेगार्डबाई यंत्राच्या दांड्याकडे एकटक बघू लागल्या, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

“बरा आहेस?” जनेल म्हणाली.

“डावा पाय बधिर झालाय. बाकी मजेत.”

तिने फांदी पाहिली, दोरी पाहिली, खालची शिडी पाहिली. बाईने अपघात इतके लिहिले आहेत की न झालेलाही तिला वाचता येतो.

“ही सोडून खाली बांधायला किती वेळ लागला असता?”

“चार सेकंद. पाच धर.”

“खालून मला तुझे नुसते बूट दिसत होते.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं?”

“मी बघितलं होतं.”

तिने पाळण्याची जादा दोरी माझ्या खोगिराला अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि मगच म्हणाली, “आता सोड.” मी सोडली. तिने माझा दंड धरला आणि खाली पोचेपर्यंत धरून ठेवला. बराच दुखला.

खाली आल्यावर तिने शिरस्त्राण काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “लाइल हरला.” ड्वेनने मला सॉसेज दिलं. स्टोडोलाबाईंनी सॅलड चाळलं आणि दोरी धुतलेली होती का, असं विचारलं. कर्टने धनुष्य पेटीत ठेवलं, बाण मोजून घेतले, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस.” मी वाईटच वाटून घेतलं. त्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं. दिव्यांच्या परवान्याची मुदत महिनाभर होती, त्यामुळे माळ तशीच राहिली. रोज संध्याकाळी घरासमोर नाताळ उजाडायचा आणि गाड्या हळू व्हायच्या.

मोसम शनिवारी उघडणार होता. गुरुवारी संध्याकाळी जनेल म्हणाली, “चल, कर्टकडे जाऊन येऊ.” मला वाटलं, तिला भावाची आठवण आली. गाडीत मागच्या बाजूला दुकानाची पिशवी होती. तिच्यात कमरेच्या दोन नव्या दोऱ्या होत्या, एक पडली तर दुसरी असावी म्हणून. त्या कशासाठी आणल्या, हे विचारण्याचं मला धैर्य झालं नाही.

कर्ट जेवत होता. माझं धनुष्य त्याच्या फ्रिजवर पडलं होतं, तारेला मोहरीच्या सॉसचं बोट लागलेलं होतं.

“कर्ट,” जनेल म्हणाली, “ते धनुष्य मोसम संपेपर्यंत लाइलला दे.”

कर्टने काटा खाली ठेवला. “अगं, पण तो हरला ना?”

“हरला.”

“तूच सगळ्यांसमोर म्हणालीस.”

“म्हणाले ना. हरला, म्हणून तर मागायला आले.”

कर्ट पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. शेवटी तो उठला, धनुष्य उतरवलं, बाहीने तार पुसली आणि माझ्या हातात दिलं. मी दोघांनाही काहीतरी म्हणायला हवं होतं. पण मी खाली वाकलो आणि बराच वेळ कर्टच्या कुत्र्याचे कान खाजवत बसलो.